दमा आणि जुनाट श्वासविकार: पंप घ्यायचा कसा, हंगाम काढायचा कसा

मराठवाड्यात दमेकऱ्यांचा खरा कसोटीचा काळ सोयाबीनच्या मळणीला सुरू होतो. ऑक्टोबरात मळणीयंत्रातून उडणारा भुसा, बांधावर फुललेले गाजरगवत, पहाटेचा वाढता गारवा आणि पाठोपाठ दिवाळीचे फटाके, असे सगळे महिन्याभरात अंगावर येते. दवाखान्यात गर्दी तेव्हा होते. पण त्यातल्या अनेकांचा दमा जुलै-ऑगस्टमध्येच बिघडलेला असतो, म्हणजे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रोजचा पंप (श्वासातून औषध घ्यायचा इन्हेलर) बंद केला त्या दिवशी. मृगाआधी माळवदावर पांढरी माती टाकतात. गळायला लागल्यावर वर चढून उपयोग नसतो. दम्याचे औषधही असेच आधी घ्यायचे असते.

धाप लागते म्हणजे दमाच असेल असे नाही

दम्याची धाप येते-जाते. रात्री दोन-तीनला किंवा पहाटे खोकल्याने जाग येते, छातीत घरघर वाजते, आणि मधल्या दिवसांत माणूस अगदी ठणठणीत असतो. बऱ्याचदा सुरुवात लहानपणी किंवा तरुणपणी होते आणि घरात आणखी कुणाला तरी दमा, सर्दी-शिंका किंवा खाजेचा त्रास असतो. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, वेगळा. तो चाळिशीनंतर हळूहळू चढतो, बिडी ओढणाऱ्यांना आणि वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या बायकांना होतो. त्यात ‘मधले बरे दिवस’ फारसे नसतात. गेल्या वर्षी जिना चढता यायचा, यंदा सपाटीवरही थांबावे लागते, अशी त्याची चाल.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट असेल तर आधी थुंकी तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. जुना क्षय बरा झाल्यावरही काहींच्या श्वासनळ्या कायमच्या रुंदावून राहतात आणि रोज सकाळी तोंड भरून बेडका पडतो. त्याला दमा समजून नुसता पंप मारत राहणे चूक. पायावर सूज आणि आडवे झाल्यावर वाढणारी धाप असेल तर हृदय तपासावे लागते.

नक्की काय ते स्पायरोमेट्रीत कळते. नळीत जोराने फुंकायचे, मग साल्बुटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार झोत घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषधानंतर १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलीने वाढली तर दम्याकडे बोट जाते. औषध देऊनही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांच्या खालीच राहिली आणि लक्षणेही जुळली, तर सीओपीडी. तपासणीआधी निदान चार तास साल्बुटामॉल घेऊ नका, नाहीतर पहिला आकडाच फसवा येतो. छातीचा एक्स-रे इतर आजार वगळायला लागतो, दमा त्यात दिसत नाही. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत छातीच्या आजारांच्या ओपीडीत या तपासणीची चौकशी करा.

डॉक्टरांना काम काय करता ते सांगा, त्यांनी विचारले नाही तरी सांगा. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळते आणि आठवड्यात हळूहळू सैल होते, हे कापसाच्या धुळीचे लक्षण आहे. बुरशी लागलेला कडबा हलवल्यावर किंवा कारखान्यात जुन्या बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगावर काम केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला येत असेल तर तो फुप्फुसाचा वेगळा दाह असतो. तिथे ते काम सुटल्याशिवाय औषधाचा फार उपयोग होत नाही. खडी क्रशरवरची सिलिकाची धूळ एकदा फुप्फुसात बसली की निघत नाही.

दोन औषधे, दोन कामे

दम्यात श्वासनळीला आतून सूज असते आणि तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात. साल्बुटामॉल स्नायू सैल करते. पाच-दहा मिनिटांत आराम पडतो, चार-सहा तासांत उतरतो. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवते ते ब्युडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड, आणि त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात. लगेच काही जाणवत नाही म्हणून लोक तेच सोडून देतात आणि झटपट आराम देणारा निळा पंप तेवढा जवळ ठेवतात. सगळा घोटाळा इथे आहे. नुसत्या साल्बुटामॉलवर दमा चालवू नये, असे दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे २०१९ पासून स्पष्ट सांगतात. २०० झोतांचे तीन किंवा त्याहून जास्त डबे वर्षाला संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक लागत असेल तर जिवाचा.

आता अनेकांना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप देतात. फॉर्मोटेरॉल लवकर काम करते, त्यामुळे हाच पंप रोजही चालतो आणि धाप लागली की वरूनही घेता येतो; प्रत्येक वेळी सुजेचे औषधही पोटभर मिळते. एका झोतात ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल असेल तर मोठ्या माणसाने रोजचे धरून दिवसभरात बारापेक्षा जास्त झोत घ्यायचे नाहीत, आणि त्या आकड्याच्या जवळ पोचलात तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सॅल्मेटेरॉल असलेला पंप मात्र असा वरचेवर घ्यायचा नसतो, त्याला असर करायला वेळ लागतो. रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. डब्यावरचे औषधाचे नाव वाचा, वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून ‘रोजचा’ आणि ‘धापेचा’ अशा चिठ्ठ्या चिकटवून घ्या.

‘पंपाची सवय लागते’ आणि ‘स्टेरॉइड वाईट’ या दोन वाक्यांनी बरेच नुकसान केले आहे. पंपाच्या एका झोतात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड असते. ५ मिलिग्रॅमची प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, तीही सगळ्या शरीरात फिरणारी. दोन्ही औषधे एक नव्हेत, पण प्रमाण ध्यानात येते. गंमत अशी की पंपाला घाबरणारा माणूस गावातल्या बिननावाच्या ‘दम्याच्या पुडी’ला घाबरत नाही. दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइडच कुटून घातलेले असते. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि महिनोन्‌महिने घेऊन ती एकदम सोडली तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. अशी पुडी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा आणि हळूहळू उतरवा.

मृगाला हैदराबादला जाऊन माशाचे औषध घेणारे आणि कोजागरीच्या रात्री दुधातून किंवा खिरीतून औषध घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या औषधांनी दमा बरा होतो असे तपासणीत सिद्ध झालेले नाही. तरी जायचे असेल तर खिशात पंप ठेवून जा, आणि आल्यावर रोजचा पंप सोडू नका. कोजागरी ऐन मळणीच्या तोंडावर येते, हे विसरू नका.

पंप घेण्याची रीत

औषध बरोबर, पण घेण्याची पद्धत चुकलेली, असे इतके दिसते की डोस वाढवण्याआधी रुग्णाला समोर पंप घ्यायला लावावा. झोताचा पंप नुसता तोंडात मारला तर बरेचसे औषध घशाला चिकटते. म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचा प्लॅस्टिकचा पोकळ डबा, घ्या, मोठ्या माणसानेही घ्या. लेकरांचा म्हणून लाजू नका.

टोपण काढा, आत कचरा नाही ना ते पाहा, पंप पाच-सहा वेळा जोरात हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन ते चार झोत हवेत सोडा. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा. ताठ बसा किंवा उभे राहा, श्वास आरामात बाहेर सोडा, स्पेसरचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. एकदाच दाबा आणि लगेच हळूहळू, तीन ते पाच सेकंद, खोल श्वास आत ओढा. शिट्टी वाजली तर फार जोरात ओढताय. दहा आकडे मनात मोजेपर्यंत श्वास धरा, मग सोडा. दुसरा झोत घ्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा सगळे तसेच. स्पेसरमध्ये दोन झोत एकदम मारून ठेवू नका, औषध भिंतींना चिकटते आणि प्रत्येक झोतामागे छातीत कमी पोचते. लहान लेकराला श्वास धरता येत नाही; त्याला मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा आणि एका झोतामागे पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. लेकरू झोपेत असताना मास्क दुरून धरलात तर औषध हवेत जाते.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचे. नाही तर जिभेवर पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. सगळ्यात सोपे म्हणजे पंप दातांच्या ब्रशजवळ ठेवायचा आणि दात घासायच्या आधी घ्यायचा.

रोटाहेलरची, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या साधनाची, गोष्ट नेमकी उलटी. त्यातली कॅप्सूल गिळायची नसते, तरी गिळणारे दर आठवड्याला भेटतात. कॅप्सूल वरच्या भोकात घाला, खालचा भाग फिरवा म्हणजे ती फुटते, श्वास बाहेर सोडा पण रोटाहेलरमध्ये नव्हे, कारण ओल आत गेली की पावडर गोळा होते. मग जोरात आणि झपाट्याने ओढा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. जोरदार धाप लागलेली असताना एवढा जोर निघत नाही, म्हणून अटॅकसाठी घरात झोताचा पंप आणि स्पेसर असलाच पाहिजे. पाच-सहा वर्षांखालच्या लेकराला रोटाहेलर नको.

स्पेसर नवा आणल्यावर आणि पुढे आठवड्याला एकदा साबणाच्या पाण्यात हलवून तसाच वाळत ठेवा. आतून फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच ओढले जाते. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरची स्वच्छ, कोरडी पाण्याची बाटली चालते: बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडा, फट चिकटपट्टीने बंद करा, बाटलीच्या तोंडातून ओढा. अडचणीला ती चांगली साथ देते.

डबा हलवून औषध उरले आहे की नाही ते कळत नाही. औषध संपले तरी झोत उडतोच. पाण्यात तरंगवून बघण्याची युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या. नसेल तर हिशेब मांडा: १२० झोतांचा डबा, सकाळी दोन आणि रात्री दोन, म्हणजे तीस दिवस. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा. उन्हाळ्यात ४२-४३ अंश असताना पंप मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छताखाली ठेवू नका. तो ३० अंशांखाली ठेवायचा असतो. माठाच्या खोलीतली सावलीची जागा बरी, फक्त ओल नको.

मोजून पाहा

गेल्या चार आठवड्यांचे चार प्रश्न. दिवसा त्रास आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? रात्री दम्याने जाग आली का? धापेचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? काही काम दम्यामुळे सोडावे लागले का? चारही ‘नाही’ म्हणजे दमा काबूत. एक-दोन ‘हो’ म्हणजे अर्धवट. तीन-चार असतील तर डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढे तपासा: पंप रोज घेतला का, नीट घेतला का, घरात धूर आहे का. बहुधा उत्तर तिथेच सापडते. सलग तीन महिने काबूत राहिला तर डोस कमी करता येतो, साधारण पाव ते निम्म्याने, आणि तो डॉक्टर करतील. मळणीच्या तोंडावर डोस कमी करण्याची घाई नको.

ज्यांचा दमा अचानक उसळतो त्यांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजायचे साधन, घ्यावा. काटा शून्यावर आणा, उभे राहा, छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात, मेणबत्ती विझवल्यासारखे जोराने फुंका. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ लिहिलेल्या आकड्यांतला सर्वोत्तम आकडा तुमचा स्वतःचा. समजा तो ४०० आला. ३२० च्या वर सगळे ठीक. २०० ते ३२० मध्ये आलात तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव मात्रा सुरू करायची. २०० च्या खाली गेलात तर दवाखाना. ही कागदावरची योजना डॉक्टरांकडून मागून घ्या आणि भिंतीवर लावा, कारण रात्री दोन वाजता कुणाला काही आठवत नाही.

धूर आणि धूळ

घरोघरी गॅस आला, पण भाकरी अजून चुलीवरच थापली जाते, आणि सर्वांत जास्त वेळ धूर खाणारे काम तेच. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या ओल्या असल्या की धूर कित्येक पटींनी वाढतो. निदान भाकरी तरी गॅसवर, आणि ते नाहीच जमले तर चूल बाहेर छपराखाली, जळण कोरडे, दम्याचे लेकरू चुलीपासून लांब. डासांच्या एका कॉइलमधून सुमारे शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात. मच्छरदाणी लावा.

मळणीच्या वेळी वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहू नका, वारा पाठीवर घ्या. उपरण्याने मोठा कचरा अडतो, बारीक धूळ नाही. एन-९५ मास्क नाकाच्या कडेला चिमटीने दाबून बसवा. दमेकऱ्याने रास भरायला जावे, पण यंत्राच्या तोंडाशी पेंढ्या द्यायला दुसरा माणूस ठेवावा. घरी आल्यावर कपडे बाहेर काढा, अंघोळ करा, मग झोपायच्या खोलीत जा. भुसा आणि कडबा झोपायच्या खोलीला लागून रचू नका. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटा, तेही हातमोजे आणि मास्क घालून.

गरम पाण्यात निलगिरी टाकून वाफ घेणे हे दम्याचे औषध नाही, उलट काहींना त्या वासाने छाती आवळते. नेब्युलायझरची ‘वाफ’ ही वेगळी, तिच्यात औषध असते. पण स्पेसरमधून नीट घेतलेला पंप तेवढेच काम करतो. आणखी एक: अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतल्यावर धाप लागत असेल तर पॅरासिटामॉलवर या. कंपासाठी किंवा अर्धशिशीसाठीचे प्रोप्रॅनोलॉल आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब दम्यात घातक ठरू शकतात. प्रत्येक डॉक्टरला दमा आहे हे आधी सांगा. पोटुशी बाईने पंप बंद करू नये. बाळाला धोका पंपाचा नसून कमी पडलेल्या ऑक्सिजनचा असतो.

सीओपीडी असेल तर

बिडी सोडणे हे पहिले औषध, बाकी सगळे त्यानंतर. गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत, पण घसरण मंदावते. पंप इथेही लागतो, बहुधा टायोट्रोपियमसारखा लांब पल्ल्याचा, आणि तो कायमचा. धाप लागली की ओठांचा चंबू करून श्वास सोडा: नाकातून दोन मोजत आत, शिट्टी वाजवल्यासारख्या ओठांतून चार मोजत बाहेर. पायऱ्या चढताना किंवा घागर उचलताना जोर लागेल त्या क्षणी श्वास सोडा. धाप लागते म्हणून अंथरुणात पडून राहिले की पायांचे स्नायू झडतात आणि मग तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते. सपाट रस्त्यावर रोज चाला, थांबत थांबत वीस-तीस मिनिटांपर्यंत न्या. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

धाप वाढली, बेडका वाढला आणि पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, तर आठवडाभर वाट न पाहता दाखवा. घरी ऑक्सिजन लावला असेल तर तो दिवसातून पंधरा तासांहून जास्त लावायचा असतो, आणि बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ एवढीच पातळी पुरे. नळी वाढवून ९९ करण्याच्या नादात काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. ऑक्सिजन चालू असताना खोलीत बिडी, उदबत्ती, चूल काही नको.

दम्याचा अटॅक आला तर

आडवे करू नका. खुर्चीत ताठ, थोडे पुढे वाकवून बसवा, कपडे सैल करा. साल्बुटामॉल स्पेसरमधून एक-एक करून चार झोत, प्रत्येकामागे चार-पाच श्वास. पाच वर्षांखालच्या लेकराला दोन. वीस मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या आणि निघा. मोठ्या माणसाला वाटेतही दर वीस मिनिटांनी चार ते दहा झोत देता येतात.

एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ निळसर, श्वास मिनिटाला तीसच्या वर, ऑक्सिजन ९२ च्या खाली, गुंगी, किंवा घरघर एकदम थांबून छाती गप्प झाली, यातले काहीही दिसले तर वीस मिनिटेही थांबू नका, १०८ ला फोन करा. घरघर थांबली म्हणजे बरे वाटले असा समज जीवघेणा आहे. हवाच आत-बाहेर होत नसते म्हणून आवाज बंद होतो. दवाखान्यातून सुटल्यावर दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पुरा करा आणि आठवड्याच्या आत पुन्हा दाखवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या सुमारास, टोळी निघण्याआधीच डॉक्टर गाठावा. पाच-सहा महिन्यांचे रोजचे पंप, धापेचे दोन पंप, स्पेसर, आणि चिठ्ठीचा मोबाईलमध्ये फोटो, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पंप संपला तरी तेच औषध मिळते. जनऔषधी केंद्रात औषधाचे मूळ नाव सांगून विचारा, स्वस्त पडते. मुकादमाला आणि कोपीशेजारच्या एका माणसाला पंप कुठे ठेवला आहे ते दाखवून ठेवा. तो पिशवीच्या तळाशी नको, उशाला ठेवा.